बुधवारचा उपास

मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात मी चौतीस वर्षं बाहेरून आलेला माल तपासला. नट, बोल्ट, वायसर, बेअरिंग, काहीही असो, ते आधी माझ्या टेबलावर यायचं आणि माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: टेस्ट सर्टिफिकेट कुठे आहे? कागद असेल तर पुढचं बोलणं, नसेल तर टेम्पो गेटबाहेर उभा. माल देणारे माझ्या पाठीमागे मला काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमचे साहेबसुद्धा वैतागायचे, म्हणायचे, अरे, माल चांगला आहे हे बघून कळतंय ना. मी म्हणायचो, बघून कळत असतं तर मला पगार कशाला देता?

टेबलावर तीन रंगांचे टॅग असायचे. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट आणि पिवळा म्हणजे होल्ड. हिरवा-लाल सगळ्यांना कळायचा, पिवळा कोणालाच कळायचा नाही. पिवळा म्हणजे माल वाईट आहे असं नव्हे. पिवळा म्हणजे आम्हाला माहीत नाही, आणि माहीत होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. निवृत्त झालो तेव्हा खात्यातल्या मंडळींनी गंमत म्हणून टॅगचा एक गठ्ठाच भेट दिला. बायकोने तो थेट स्वयंपाकघरात नेला. यंदाच्या मालवणी मसाल्याला हिरवा, गेल्या वर्षीच्या उरलेल्याला पिवळा, आणि माझ्या बहिणीने गावाहून पाठवलेल्या लोणच्याला न चाखताच लाल.

तर असा हा कडक माणूस, म्हणजे मी, गेल्या वर्षी तीन महिने बाथरूमची कडी लावून स्वतःच्या पोटात सुई टोचत होता, आणि त्या बाटलीचा एक साधा कागद त्याने मागितला नव्हता. डोकं फिरलं होतं माझं, दुसरं काय.

सगळं सुरू झालं पखवाजापासून. आमच्या गावचं मंडळ दर माघात मुंबईत अखंड भजन करतं, एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत. कांजूरमार्गला एका शाळेचा हॉल घेतात. गावातल्या प्रत्येक वाडीला दोन-दोन तासांची पाळी असते, आणि नियम एकच, नाम तुटता कामा नये. पुढच्या वाडीचा पखवाज सुरू झाल्याशिवाय आधीच्या वाडीचा थांबायचा नाही. आमच्या खालच्या वाडीची पाळी दुपारी चार ते सहा. पूर्वी आमच्या वाडीत पखवाज वाजवणारे पाच होते. दोन गेले, एक गावी जाऊन राहिला, एकाला ऐकू येत नाही. उरलो मी. मी बसलो नाही तर खालच्या वाडीची पाळीच उरत नाही, ती वरच्या वाडीकडे जाते. माझ्या आज्यापासूनची पाळी आहे ती. वडील गिरणीत कामाला होते, तेही त्या दिवशी रजा टाकून यायचे.

आणि गेल्या वर्षीच्या माघात काय झालं, दीड तासातच माझे हात भरून आले. कोपरापासून खाली दगड. वरच्या वाडीचा पखवाजवाला, माझ्याच वयाचा, पुढे सरकला आणि गोड आवाजात म्हणाला की आता जरा आराम करा, आम्ही घेतो. अर्धा तास आधी! त्याच्या मनात काही नसेलही, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरी येताना रिक्षात बायकोला सांगून टाकलं की उद्यापासून जिम. ती म्हणाली, आधी जिना चढून दाखवा.

जिममध्ये माझी गाठ पडली ती एका निवृत्त बँकवाल्यांशी. वय बासष्ट, दंड असे की शर्टाची शिवण रडकुंडीला आलेली. मी सहा महिने घाम गाळला, फरक शून्य. शेवटी गणपती गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पेप्टाइडची दीक्षा दिली. त्यांचं म्हणणं असं, की डोक्यात वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती वाढीचं हार्मोन बनवते, वय झालं की आळशी होते. हे औषध हार्मोन देत नाही, त्या ग्रंथीला फक्त निरोप देतं की उठ, कामाला लाग. म्हणजे माल आपलाच, कारखाना आपलाच. हे मला इतकं पटलं की काय सांगू. नाव विचारलं तर इंग्रजी अक्षरं आणि पुढे चार आकडे, अगदी आमच्या बेअरिंगच्या नंबरासारखं. तिथेच माझा विश्वास बसला, हे आता कबूल करायला लाज वाटते.

बाटल्या कुरिअरने आल्या. अंगठ्याएवढी बाटली, तळाशी पांढरी भुकटी, वर बारीक अक्षरांत लिहिलेलं की फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. ते मी वाचलं. चष्मा लावून वाचलं. बँकवाल्यांना विचारलं तर म्हणाले, ते लिहावंच लागतं, कायद्यासाठी. आणि चौतीस वर्षं माल देणाऱ्यांची बारीक अक्षरं वाचून त्यांच्या तोंडावर फेकणारा मी म्हणालो, अच्छा अच्छा.

एक अट होती. सुईच्या आधी दोन तास आणि नंतर अर्धा तास पोटात काही नको, सकाळीही आणि संध्याकाळीही. आता तुम्ही आमचं घर पाहिलेलं नाही. आमच्याकडे माणूस दोन तास उपाशी राहिला तर त्याला ताप आहे का बघतात. सकाळी चहाबरोबर खारी, मग नाश्ता, संध्याकाळी पाचला पुन्हा चहा आणि काहीतरी तळलेलं. नको म्हटलं की प्रश्न, आणि प्रश्नाला उत्तर द्यायचं तर सुई सांगावी लागणार. मग मला तोड सुचली. उपास. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. बायको भारावून गेली. उभ्या संसारात ज्याने एक चतुर्थी धरली नाही तो माणूस निवृत्तीनंतर मार्गाला लागला, असं तिने तिच्या तिन्ही बहिणींना फोन करून सांगितलं.

पण उपास म्हणजे पोट रिकामं, हे मी कोणत्या देशात शिकून आलो होतो कोणास ठाऊक. उपासाच्या दिवशी आमच्याकडे नेहमीपेक्षा जास्त खातात. सकाळी उठल्या उठल्या उपासाला अशक्तपणा येऊ नये म्हणून केळं आणि दूध. मग साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचा कूट असा की चमचा उभा राहावा. मग वरीचे तांदूळ. मग रताळ्याच्या फोडी. ती प्रेमाने ताट पुढे करायची आणि मी देवाचं नाव घेऊन जेवायचो. डोक्यातली ती आळशी ग्रंथी निरोपाची वाट बघत बसलेली, आणि खाली पोटात साबुदाणा.

चारच दिवस होतायत म्हणून बँकवाले कुरकुरले. किमान पाच पाहिजेत म्हणाले. मी विचार न करता पाचवा दिवस जाहीर केला, बुधवार. इथे माझी वाट लागली. आम्ही कोकणातली माणसं. बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशांचे वार. बायकोची मासेवाली ठरलेली आहे, आणि सकाळी दहाला दोघी जिन्याखाली बांगड्याच्या डोळ्यांत बघून पंधरा मिनिटं चर्चा करतात. मी म्हणालो, बुधाचं व्रत आहे, बुद्धी वाढते. ती पिशवी घेऊन खाली गेली, आणि जाताना तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेपर उलटा धरलाय की काय ते तपासलं.

तिच्या डोक्यात काय चाललंय हे मला नंतर कळलं. सोमवारचा उपास करणारा नवरा भक्त असू शकतो. बुधवारी बांगडा सोडणारा नवरा आजारी असतो. तिने ठरवून टाकलं की मला काहीतरी मोठं झालंय आणि मी लपवतोय. त्यात माझ्या पायांना सूज यायला लागली होती, लग्नातली अंगठी बोटातून निघेना, आणि सकाळी उठलो की उजव्या हाताला मुंग्या. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर. एका शुक्रवारी पेडवे होते. पेडवे म्हणजे बोटभर मासे आणि हातभर काटे. ते डोळ्यांनी निवडत नाहीत, बोटांनी निवडतात. मला काटा हाताला लागेचना. दोनदा ठसका लागला. तिने माझं ताट ओढलं आणि लहान पोराला द्यावेत तसे काटे काढून पेडवे दिले. बँकवाल्यांना मुंग्यांचं सांगितलं तर म्हणाले, झकास, म्हणजे लागू पडतंय.

बाटल्या मी फ्रिजच्या दारात, माझ्या डोळ्यांच्या थेंबांच्या खोक्यात ठेवल्या होत्या. डिसेंबरातल्या एका दुपारी तिचा डोळा खाजत होता म्हणून तिने ते खोकं उघडलं. मी बाहेरून आलो तर ती टेबलाशी बसलेली, पुढे बाटली आणि तीन सुया. रडून रडून नाक लाल. तिने एवढंच विचारलं की किती दिवस आहेत. मला कळेना कसले दिवस. मग कळलं. या बाईने महिनाभर मनात माझं काय काय केलं असेल, आणि कोणाला बोलली नव्हती. मी तिच्या शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. पखवाज, वरच्या वाडीचा तो, जिम, ग्रंथी, निरोप.

मी आजारी नाही हे कळल्यावर ती आधी देवाला हात जोडून आली. मग परत येऊन बसली, आणि मग ती चिडली. चिडली की ती मालवणीवर येते. मला वाटलं आता देवाच्या नावाने खोटे उपास केल्याबद्दल ऐकावं लागणार. पण तिने बाटली उचलली, उजेडात धरली, फिरवून बघितली आणि विचारलं,

"ह्याचा सर्टिफिकेट खंय आसा?"

चौतीस वर्षं रोज जेवताना मी तिला याच्याच गोष्टी सांगितल्या होत्या. कोणाचा टेम्पो परत पाठवला, कोणाचा कागद खोटा निघाला. ती भाजी वाढत असायची, मला वाटायचं ऐकत नाही. तिने ओट्यावरून गठ्ठा आणला, पिवळा टॅग काढला आणि बाटलीच्या गळ्यात घट्ट बांधला. त्या दिवसापासून मी सुई घेतली नाही.

पण मला आता झोंबलं होतं. मी विकणाऱ्याला मेसेज केला की या बॅचचं टेस्ट सर्टिफिकेट पाठवा. दोन दिवसांनी कागद आला, रंगीत, वर चकचकीत शिक्का. आणि खरं सांगतो, निवृत्तीनंतर इतकी मजा मला आली नव्हती. मी चष्मा पुसला, पेन घेतलं. बाटलीवरचा बॅच नंबर वेगळा, कागदावरचा वेगळा. तपासणीची तारीख अशी, की तोवर अर्धा माल माझ्या पोटात जाऊन झाला होता. शुद्धता जवळजवळ शंभर टक्के, पण कोणत्या पद्धतीने मोजली ते कोरं. तपासणाऱ्याची सही नाही, प्रयोगशाळेचा पत्ता नाही. जंतू आहेत का हे बघितल्याचा तर उल्लेखच नाही, आणि ही वस्तू सुईने आत जाते. असा कागद घेऊन एखादा वायसरवाला माझ्याकडे आला असता तर मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नसतं. मी बायकोला एकेक चूक वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, बरं, आता डॉक्टरकडे चला.

आमच्या डॉक्टर मुलुंडलाच, वीस वर्षांच्या ओळखीच्या. त्यांनी मनगटावर टिचक्या मारल्या, अंगठा दाबून बघितला, रक्त तपासायला दिलं. साखर हद्दीवर येऊन बसलेली, आधी नव्हती. त्यांनी समजावलं की वाढीचं हार्मोन जास्त झालं की अंगात पाणी धरतं, मनगटातली नस दाबली जाते, साखर चढते, हे माहीत आहे. मी विचारलं, म्हणजे हे सगळं त्या बाटलीनेच झालं ना? त्या हसल्या. म्हणाल्या, रोज साबुदाणा खाऊनही साखर चढते, आणि चाळीस वर्षं पखवाज बडवूनही मनगट जातं.

"तुमच्या बाटलीत काय आहे हेच कोणाला माहीत नाही, तर त्याने काय केलं हे मी कशावरून सांगू?"

हे औषध म्हणून आपल्याकडे कोणी मंजूर केलेलं नाही, त्या म्हणाल्या. थोड्या माणसांवर थोडे दिवस बघितलेलं आहे, वर्षानुवर्षं घेतल्यावर काय होतं ते नाही. शरीरात कुठे नको असलेलं काही वाढत असेल तर वाढीचा तोच निरोप त्यालाही पोचतो का, याचंही पक्कं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. मी चाट पडलो. डॉक्टरांनी पिवळा टॅग लावला होता. मी विचारलं, हात परत येईल का, माघात पाळी आहे. त्या म्हणाल्या, सुई बंद, मनगटाला पट्टा बांधा, वाट बघा, बहुतेक येईल. बहुतेक या शब्दाची मला कधी भीती वाटली नव्हती, त्या दिवशी वाटली.

बाटल्या मी त्यांच्याकडेच दिल्या. बेसिनमध्ये ओतू नका म्हणाल्या होत्या. जिममध्ये जाऊन बँकवाल्यांना तो कागद दाखवला, चुका लाल पेनाने गोल करून. ते म्हणाले, मला तर काही झालेलं नाही. मी म्हणालो, एका पोत्यातला एक नट चांगला निघाला म्हणून मी कधी पोतं घेतलेलं नाही. ते रागावले, आठवडाभर बोलले नाहीत. मग एका सकाळी वजनं जागेवर ठेवता ठेवता हळूच विचारलं, तुमच्या डॉक्टर शनिवारी असतात का.

जानेवारी गेला. पायांची सूज उतरली, अंगठी फिरायला लागली. हाताच्या मुंग्या कमी झाल्या पण गेल्या नाहीत. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावून मी रोज सकाळी बसायचो. डावा हात घुमायचा. उजवा चालायचा, पण बोटं मधल्या काळ्या शाईवर पडतायत की काठावर हे मला आवाज ऐकून कळायचं, हाताला कळायचं नाही. अर्ध्या तासात तो झोपून जायचा. मनातून मी पार ढासळलो होतो. पूर्ण दोन तास वाजवायला म्हणून गेलो आणि होतं तेही घालवून बसलो. बायकोने सुचवलं की वरच्या वाडीला आधीच कळवून ठेवा. मी तिच्यावर खेकसलो. मग दिवसभर वाईट वाटत राहिलं.

माघातला तो दिवस आला. चार वाजता मी पट्टा काढून खिशात घातला आणि बसलो. आमच्या वाडीचे बारा-पंधरा टाळकरी उभे, समोर बुवा, बायकांच्या रांगेत माझी बायको. पहिला पाऊण तास मी स्वतःवर खूश होतो. मग अंगठा गेला. मग पहिलं बोट, मग मधलं. बोटं सरकायला लागली आणि ठेका डगमगला. बुवांनी गाता गाता माझ्याकडे बघितलं. मी डोळे मिटून ओढत राहिलो. नाम तुटणार, आणि ते माझ्या हातून तुटणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा मी डोळे उघडले आणि ज्याला वर्षभर मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या त्या वरच्या वाडीच्या पखवाजवाल्याकडे बघितलं. तो भिंतीशी बसून चहा पीत होता. तीन महिने मी घरात देवापासून बायकोपर्यंत सगळ्यांशी खोटं बोललो होतो. आता सगळ्यांच्या देखत म्हणालो,

"उजवा हात बधिर झालाय रे. मला जमत नाही."

तो चहा ठेवून आला. मला वाटलं, आता पखवाज उचलून नेणार. त्याने नेला नाही. तो माझ्या उजव्या बाजूला मांडीला मांडी लावून बसला, वाकला, आणि पुढच्या समेला त्याचा उजवा हात शाईवर पडला. डावी बाजू माझ्याकडेच राहिली. एक पखवाज, दोन माणसं, चार हात, त्यातले दोन रिकामे. सुरुवातीला आम्ही दोघंही इतके वाकडे झालो होतो की टाळकरी हसायला लागले. मग बसलं. माझा डावा घुमत राहिला, त्याचा उजवा बोलत राहिला. सहा वाजता वरच्या वाडीचा दुसरा पखवाज सुरू झाला तेव्हाच आमचा थांबला. नाम तुटलं नाही, आणि पाळी खालच्या वाडीचीच राहिली. मी त्याचे आभार मानायला गेलो तर तो म्हणाला, त्या वर्षी मी आराम करा म्हटलं तेव्हा माझीच पाठ एवढी धरली होती की पाळी लवकर उरकून घरी जायचं होतं मला. त्या एका वाक्यापायी मी पोटाची चाळण केली होती.

पट्टा मी पुढे बरेच दिवस वापरला. साखर अजून हद्दीच्या आत-बाहेर करते. बाटलीत काय होतं ते अजून कोणाला माहीत नाही, मलाही नाही, आणि काही गडबड पुढे कधी निघेल का, हेही नाही. ते मनाच्या एका कोपऱ्यात पिवळा टॅग लावून ठेवलंय. उपास सगळे बंद आहेत. शनिवार तेवढा ठेवलाय, मारुतीची माफी मागायची होती.

परवाच्या बुधवारी पेडवे होते. बायको सवयीने माझं ताट ओढून काटे काढायला बसणार, तेवढ्यात गॅसवर भात करपायला लागला म्हणून उठली. मी आपला एक पेडवा उचलला, अंगठ्याने आणि बोटाने उघडला, आणि जोरात ओरडलो. ती कालथा हातात घेऊन धावत आली. तिला वाटलं घशात अडकला.

अडकला नव्हता. टोचला होता. अंगठ्याच्या टोकाला, इवलासा काटा, आणि तो मला चांगला सणसणीत लागला होता. मी तिला अंगठा दाखवला. डोळ्यांत पाणी आलं. तिने अंगठा धरून बघितला, रक्ताचा ठिपका पदराने पुसला आणि कढईतले आणखी चार पेडवे माझ्या ताटात टाकले.

"आता तुमचे तुमी निवडा," म्हणाली, आणि भाताकडे गेली.